आरपीएम चढतं, गाडी चढत नाही: जुनी ऑटोमॅटिक घेतल्यावर गिअरबॉक्सने दगा दिला तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कासारवडवलीला राहणाऱ्या एका गृहस्थांनी दोन महिन्यांपूर्वी नवी मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या डीलरकडून २०१७ची डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्ही घेतली. सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे देणारा प्रकार), मीटरवर ८२ हजार किलोमीटर. गेल्या पंधरवड्यापासून गायमुखच्या चढाला आरपीएम तीन हजारांच्या वर जातं, पण वेग वाढत नाही. सकाळी पहिल्यांदा डीमध्ये टाकलं की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग धक्का बसून गिअर पडतो. इंजिनचा दिवा लागलेला आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने अख्खा गिअरबॉक्स बदलायचं दोन लाख चाळीस हजारांचं एस्टिमेट दिलं. ओळखीच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, ‘शेठ, फ्लशिंग मारू, ऑईल बदलू, दहा हजारांत काम होईल.’ डीलर म्हणतो, गाडी जशी आहे तशी विकली, आता आमचा संबंध नाही. यातलं कोणाचं ऐकायचं, तोवर गाडी थोडीफार चालवली तर चालेल का, आणि डीलरकडून काही मिळू शकतं का, हे त्यांना विचारायचं आहे.

मी ठाण्यात बरीच वर्षं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करतो. मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर आजच लागणार आहे.

गाडी चालवू नका. दूध आणायलाही नको आणि मुलाला क्लासला सोडायलाही नको. गिअर घसरतो म्हणजे आत क्लचच्या चकत्या एकमेकींवर घासत असतात. या चकत्यांवर कागदासारखं पातळ अस्तर असतं, ते तेलात बुडून काम करतं आणि तेलानेच थंड राहतं. चकत्या घट्ट दाबल्या गेल्या तर वर्षानुवर्षं टिकतात. अर्धवट दाबाखाली घासल्या तर एका लांब चढावर जळू शकतात. जळालेल्या अस्तराचा भुगा तेलात मिसळतो, तिथून बारीक झडपांमध्ये, सोलेनॉइडमध्ये (विजेवर चालणाऱ्या झडपा), कूलरमध्ये आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये जातो. आज एका ऑईल सीलवर भागणारं काम आठवड्याने संपूर्ण ओव्हरहॉलवर जातं ते या भुग्यामुळे. घोडबंदर रोडची रोजची कोंडी, त्यात उड्डाणपुलांचे चढ, त्यात एसी चालू. घसरणाऱ्या गिअरबॉक्सला याहून वाईट रस्ता सापडणार नाही.

गॅरेजला न्यायची तर फ्लॅटबेडवर न्या. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा ऑईल पंप फिरत नाही. पुढची चाकं रस्त्यावर ठेवून गाडी ओढली तर आतले गिअर कोरडे फिरतात. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे, त्यामुळे फ्लॅटबेड मिळालाच नाही तर निदान पुढची दोन्ही चाकं उचललेली हवीत. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गाडी पीमध्ये अडकून पडली असेल तर गिअर लिव्हरच्या शेजारी बहुतेक गाड्यांत एक छोटी खाच असते, तिच्यावर प्लॅस्टिकचं झाकण असतं. झाकण काढून आत पाना किंवा किल्ली दाबली आणि ब्रेकवर पाय ठेवला की लिव्हर एनमध्ये सरकतो. हे माहीत नसल्यामुळे टोइंगवाले गाडी तशीच फरफटत काढतात, आणि ज्यात काही बिघडलेलं नव्हतं तेही बिघडतं. धक्का मारून ऑटोमॅटिक गाडी सुरू होत नाही, तोही नाद करू नका.

आता कोणाचं ऐकायचं? माझ्या मते सध्या दोघांचंही नाही. ‘गिअरबॉक्स गेला’ हे निदान नाही आणि ‘ऑईल बदला’ हेही निदान नाही. सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर काय लिहिलंय ते मला पाठवलेल्या फोटोत दिसतं: ग्राहकाची तक्रार, खाली बिघाडाचा एक कोड आणि त्याखाली थेट नव्या युनिटचा पार्ट नंबर. मधलं सगळं गायब आहे. तेलाची पातळी पाहिली का, तेलाचा रंग काय, प्रेशर किती भरलं, कुठल्या गिअरला घसरतो, एक शब्द नाही. बहुतेक सर्व्हिस सेंटरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करायची सोय नसते, म्हणून ते युनिट बदलायचाच भाव देतात. त्यांच्या दृष्टीने ते सुरक्षित आहे, त्यात लबाडी असेलच असं नाही. पण त्या कागदावरून तुमच्या गाडीत नेमकं काय बिघडलंय हे कळत नाही, आणि ते कळेपर्यंत एक रुपयाही आगाऊ देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

त्या कोडबद्दल. तुमच्या कागदावर पी०७०० आहे. हा कोड एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरमध्ये, काहीतरी नोंदलं गेलंय, तिथे जाऊन बघा. खरा कोड त्या दुसऱ्या युनिटमध्ये असतो. बाजारात मिळणारा हजारभर रुपयांचा ब्लूटूथ डोंगल अनेकदा तिथपर्यंत पोचतच नाही, तो इंजिनच्या युनिटशी बोलून थांबतो. गिअरबॉक्सच्या युनिटशी बोलणारा स्कॅनर लागतो. तिथे पी०७३० आणि त्याच्या पुढचे काही कोड निघाले तर गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, म्हणजे चकती घसरतेय. पी०७४१ निघाला तर टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) धरत नाही. पी०७१५ किंवा पी०७२० असेल तर संशय स्पीड सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर जातो, आणि ते काम पुष्कळदा गिअरबॉक्स न उतरवता होतं. पी०७५०च्या आसपासचे कोड सोलेनॉइडकडे बोट दाखवतात. पी०७०५ असेल तर गिअर लिव्हर कुठल्या जागी आहे हे सांगणारा स्विच बघायचा. आपल्याकडे पावसाळ्यात उंदरांनी वायरिंग कुरतडल्यामुळे आलेले कोड मी इतके पाहिलेत की हार्नेस हाताने चाचपल्याशिवाय मी पुढे जात नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, कोड पुसू देऊ नका. स्कॅनर लावला की बरेच मेकॅनिक आधी ‘क्लिअर’ दाबतात आणि परत येतो का बघतात. दुरुस्तीपुरतं ते ठीक आहे, पण तुमच्यासाठी ती नोंद पुरावा आहे. बऱ्याच गाड्यांत कोडसोबत तो कधी पहिल्यांदा नोंदला गेला, त्या वेळी मीटर किती होता, तापमान आणि वेग किती होता हे साठवलेलं असतं. तो बिघाड तुम्ही गाडी घेण्याआधीच्या किलोमीटरला नोंदलेला निघाला, तर ‘आमच्याकडे असताना ठीक होती’ या वाक्याला अर्थ उरत नाही. इंजिनच्या युनिटमध्ये आणखी एक आकडा मिळतो: शेवटचे कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली. तुम्ही घेतल्यापासून गाडी समजा अठराशे किलोमीटर चालली असेल आणि तो आकडाही अठराशेच्या जवळ असेल, तर विक्रीच्या तोंडावर कोणीतरी मेमरी साफ केली होती. बॅटरी काढल्यानेही काही गाड्यांत हा आकडा शून्य होतो, म्हणून एवढ्यावरच आरोप करता येत नाही. पण बाकीच्या कागदांसोबत ठेवला की त्याला वजन येतं. सगळ्या स्क्रीनचे फोटो घ्या. मीटर आणि नंबरप्लेट दिसेल असा एक व्हिडिओही घ्या.

यानंतर तेल. तुमची दोन्ही लक्षणं एकत्र वाचली की माझा पहिला संशय तेल कमी असण्यावर जातो. कारण सांगतो. चढावर तेल मागच्या बाजूला जातं. पातळी आधीच खाली असेल तर पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा येते, दाब पडतो आणि क्लच घसरतो. सपाटीवर तोच गिअरबॉक्स बऱ्यापैकी वागतो. सकाळी गिअर उशिरा पडणं हेही त्याच चित्रात बसतं, दाब तयार व्हायला वेळ लागतो. अर्थात सकाळचा उशीर आतली रबरी सील कडक झाल्यानेही होतो. ती गरम झाल्यावर मऊ पडतात आणि गाडी दुपारी सुधारल्यासारखी वाटते. याच्या उलट, गाडी गार असताना छान आणि तापली की घसरते असं असेल तर पातळ झालेलं तेल झिजलेल्या व्हॉल्व्ह बॉडीतून (झडपांचा ब्लॉक) गळतंय असा अर्थ निघतो. म्हणून मेकॅनिकला ‘झटका मारते’ एवढंच सांगू नका. गार असताना की तापल्यावर, कितव्या गिअरला, चढावर की सपाटीवर, रिव्हर्सला होतं की नाही, हे लिहून न्या. निम्मं निदान त्या कागदावर होतं.

या पिढीच्या बऱ्याच गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते. पातळी बघायची तर गाडी लिफ्टवर आडवी समतल हवी, इंजिन चालू हवं, तेल कंपनीने ठरवलेल्या तापमानाला हवं, लिव्हर प्रत्येक जागी फिरवून परत पीमध्ये आणलेला हवा. मग तपासणीचा बोल्ट उघडून बारीक धार येते का ते पाहायचं. स्कॅनरवर तापमान न बघता जो पातळी सांगतो त्याने ती पाहिलेली नाही असं समजा. तेल कमी निघालं तर ते कुठे गेलं हा पुढचा प्रश्न. ॲक्सलची सील, कूलरचे पाइप आणि त्यांच्या क्लिपा, चेंबरवर (खालच्या तेलाच्या टाकीवर) बसलेला स्पीडब्रेकरचा मार, या तीन जागा आधी बघा.

तेल काढलं की त्याचा रंग आणि वास तुमच्यासमोर बघा. लालसर किंवा तपकिरी असेल आणि जळका वास नसेल तर आशा ठेवायला जागा आहे. काळं आणि जळक्या वासाचं असेल तर चकत्या जळाल्या आहेत. गुलाबी लस्सीसारखं दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरलंय. ज्या गाड्यांत तेलाचा कूलर रेडिएटरच्या पोटात असतो त्यांत आतली नळी फुटली की असं होतं, आणि तुंबलेल्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीतही होतं. पाण्याने अस्तराचा डिंक सुटतो. तिथे नुसतं तेल बदलून काही होत नाही, बॉक्स उघडावाच लागतो. जुलै-ऑगस्टनंतर बाजारात येणाऱ्या स्वस्त ऑटोमॅटिक गाड्यांच्या सीटखालचे बोल्ट आणि गालिच्याखालचा पत्रा बघा असं मी सगळ्यांना सांगतो ते याचसाठी.

चेंबर किंवा व्हॉल्व्ह बॉडीचं झाकण उघडल्यावर आत लोहचुंबक असतो. त्यावर बारीक करडा लेप दिसणं स्वाभाविक आहे, घाबरू नका. लोखंडाचे कण टोचण्याइतके मोठे असतील, पितळी चमक असेल किंवा काळ्या पापुद्र्यांचा थर असेल तर निर्णय झाला, गिअरबॉक्स उतरवायचा.

फ्लशिंगबद्दल मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. मशिनने दाबाखाली तेल ढकललं की वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसलेला गाळ सुटतो आणि झडपांच्या बारीक वाटांमध्ये जाऊन अडकतो. गुरुत्वाने जेवढं तेल निघेल तेवढं काढून तेवढंच भरायचं. एका वेळी साधारण निम्मंच तेल निघतं, कारण बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहतं. म्हणून काही दिवस चालवून पुन्हा तेच करायचं. नवीन तेल घातल्यामुळे गिअरबॉक्स मेला अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे बहुतेक वेळा चकत्या आधीच जळालेल्या असतात. तेल तिथे शेवटचा उपाय म्हणून घातलेलं असतं आणि दोष नव्या तेलावर जातो. तेल कुठलं हे मात्र फार महत्त्वाचं आहे. ह्युंदाई-कियाच्या सहा गिअरच्या बॉक्सला एसपी-फोर, टोयोटाच्या अनेक गाड्यांना डब्ल्यूएस, होंडाच्या सीव्हीटीला (गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारी पेटी) एचसीएफ-टू, निसानच्या सीव्हीटीला एनएस-थ्री. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ असं लिहिलेला डबा मी वापरत नाही. सीव्हीटीत तर चुकीच्या तेलाने स्टीलचा पट्टा आणि पुली एकमेकांवर घसरून दोन्ही खराब होतात. मॅन्युअलमध्ये ‘आयुष्यभर तेल बदलायची गरज नाही’ असं असलं तरी ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये मी ५० ते ६० हजार किलोमीटरला बदलायला लावतो. तेल जितकं जास्त तापतं तितकं लवकर सडतं, आणि आपल्या रस्त्यांवर ते सतत तापलेलंच असतं. तुमच्या गाडीचा सर्व्हिस इतिहास नंबर सांगून कंपनीकडून काढा. ८२ हजारांत तेल एकदाही बदललं नसेल तर तेही त्यात दिसेल, आणि मीटर मागे फिरवला असेल तर तेही.

तेल बरोबर, पातळी बरोबर, तरीही घसरतंय, तर स्कॅनरवर चालत्या गाडीचे आकडे बघायचे. सगळ्यात उपयोगाची आणि सगळ्यात कमी केली जाणारी तपासणी हीच. मेकॅनिक सपाट रस्त्यावर गाडी चालवेल, शेजारी बसलेला माणूस तीन आकडे बघेल: इंजिनचं आरपीएम, टर्बाइनचं आरपीएम आणि आउटपुट शाफ्टचं (चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचं) आरपीएम. टर्बाइन म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरच्या पलीकडची, गिअरबॉक्सच्या दाराशी असलेली बाजू. वरच्या गिअरमध्ये, एका वेगाने चालताना लॉकअप लागला की इंजिन आणि टर्बाइन जवळपास एकच आकडा दाखवायला हवेत. तिथे शे-दोनशेचा फरक येत-जात असेल आणि गाडी ५०-६०च्या वेगाला खडबडीत रस्त्यावर चालल्यासारखी थरथरत असेल, तर दोष टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपमध्ये आहे. इंजिन आणि टर्बाइन जुळतात, पण टर्बाइन आणि आउटपुट यांचं गुणोत्तर त्या गिअरच्या ठरलेल्या आकड्यातून सुटतं, तर आतला क्लच घसरतोय. तो एकाच गिअरला सुटत असेल तर तेवढा क्लच पॅक किंवा त्याचा सोलेनॉइड. सगळ्याच गिअरना आणि रिव्हर्सलाही सुटत असेल तर पंप, फिल्टर, दाब. एवढं केल्यावर प्रेशर गेज लावून दाब मोजला की शंका उरत नाही. ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याची जी स्टॉल टेस्ट असते ती घरी करून बघू नका. पाच सेकंदांच्या वर गेली की तीच गिअरबॉक्स जाळते.

एक साधी गोष्ट बाजूला काढायची राहिली. आरपीएम चढत नाही आणि गाडीही ओढत नाही असं असतं तर मी आधी टर्बोचा होज, डिझेल फिल्टर आणि इंजिनचे सेन्सर बघितले असते. पेट्रोल गाडीत मिसिंग असेल तर प्लग आणि कॉइल. गिअर बदलताना ‘ठप्’ आवाजासह धक्का बसतो पण घसरत नाही, तर इंजिन-गिअरबॉक्सचं माउंटिंग तुटलेलं असू शकतं. बॅटरी अशक्त असली तरी गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट वेडंवाकडं वागतं. तुमच्या बाबतीत आरपीएम चढतंय, म्हणून मी सरळ गिअरबॉक्सकडे वळलो.

दुरुस्तीचे पर्याय यातूनच ठरतात. गळती आणि तेल एवढंच निघालं तर खर्च काही हजारांत संपतो. सोलेनॉइड किंवा व्हॉल्व्ह बॉडी असेल तर दहा हजारांच्या पुढे जातो, पण बॉक्स उतरवावा लागेलच असं नाही. लॉकअप गेला असेल तर टॉर्क कन्व्हर्टर कापून, अस्तर बदलून, परत वेल्ड आणि बॅलन्स करून मिळतो. मात्र बॅलन्सिंगचं मशिन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच करून घ्या. चकत्या जळाल्या असतील तर ओव्हरहॉल: फ्रिक्शन आणि स्टील प्लेट, सगळी सील, फिल्टर, बुशिंग. तो खर्च नव्या युनिटच्या निम्म्याच्या आसपास बसतो असा माझा अनुभव आहे. नवीन युनिट मी तेव्हाच सुचवतो जेव्हा आतलं प्लॅनेटरी गिअर किंवा केसिंगच तुटलेलं असतं.

कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून गिअरबॉक्स आणून टाकू, असंही तुम्हाला कोणी ना कोणी सुचवेल. स्वस्त पडतो, आणि अपघातात चेपलेल्या कमी चाललेल्या गाडीचा असेल तर सौदा चांगलाही ठरतो. पण तो कुठल्या गाडीचा, किती चाललेला, इंजिन कोड तोच आहे का, कंट्रोल युनिटचा सॉफ्टवेअर नंबर जुळतो का, हे न विचारता घेतला तर तुम्ही एक अज्ञात बिघाड काढून दुसरा अज्ञात बिघाड बसवता. घ्यायचाच झाला तर बसवण्याआधी त्याचं झाकण उघडून चुंबक बघायची अट घाला.

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरबद्दल झालं. ज्यांची गाडी दुसऱ्या प्रकारची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एएमटी, जी भारतात २०१४ला सेलेरिओसोबत सर्वसामान्यांपर्यंत पोचली, ती आतून साधी मॅन्युअल पेटी आहे. क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तिथे ॲक्च्युएटर करतो, इतकंच. तिथे झटके आले की बॅटरी, क्लचची झीज आणि क्लचचं लर्निंग (क्लच कुठे धरतो हे कॉम्प्युटरला पुन्हा शिकवणं) या क्रमाने बघा. अख्खी पेटी बदलायची वेळ क्वचित येते. टॉवरच्या पार्किंगच्या रॅम्पवर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की हिचा क्लच जळतो, तिथे हँडब्रेक वापरा. ड्राय क्लचच्या डीसीटीला (दोन क्लचची ऑटोमॅटिक पेटी, क्लच तेलात नसलेली) कोंडीतलं सरपटणं सोसत नाही. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या आणि मग हला. फोक्सवॅगन-स्कोडाच्या सात गिअरच्या ड्राय डीएसजीत (त्यांच्या डीसीटीचं नाव) पी१७बीएफ कोड आला तर दोष बहुधा मेकॅट्रॉनिकच्या (गिअर बदलणारं कंट्रोल आणि हायड्रॉलिकचं एकत्र युनिट) हायड्रॉलिक दाबात असतो. ते युनिट वेगळं दुरुस्त होतं, त्यासाठी गिअरबॉक्स टाकून द्यायची गरज नाही.

आता डीलर. जुनी वस्तू घेतली म्हणून ग्राहक संरक्षण कायदा लागू होत नाही, हे खरं नाही. डीलर धंदा म्हणून गाड्या विकतो, तुम्ही घरच्या वापरासाठी घेतली, त्यामुळे २०१९च्या कायद्याखाली तुम्ही ग्राहक आहात. शेजाऱ्याकडून घेतली असती तर गोष्ट वेगळी होती. मात्र आठ वर्षांच्या आसपासच्या गाडीत झीज असणारच, ती दोष धरली जाणार नाही. बिघाड विक्रीच्या वेळी होता आणि तो लपवला गेला, हे तुम्हाला दाखवावं लागेल. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ‘गिअरबॉक्स मक्खन आहे’ असे व्हॉट्सॲप मेसेज, त्यांनी दिलेला तपासणी अहवाल, पावती, आणि वर सांगितलेले स्कॅनरचे फोटो, हे सगळं एका फाइलीत ठेवा. १ एप्रिल २०२३पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते त्याच्याकडे आहे का हे लेखी विचारा.

इथे एक अडचण आहे आणि ती बहुतेकांच्या उशिरा लक्षात येते. गिअरबॉक्स उघडला की पुरावा बदलतो. म्हणून उघडण्याआधी डीलरला स्पीड पोस्टाने आणि ईमेलने नोटीस द्या: बिघाड अमुक आहे, गाडी अमुक गॅरेजमध्ये आहे, सात दिवसांत तुमचा माणूस पाठवून तपासा, नाहीतर मी दुरुस्ती सुरू करेन आणि खर्च मागेन. नोटिशीनंतर बरेच डीलर खर्चाचा काही भाग द्यायला तयार होतात. पटण्यासारखा असेल तर घ्या. नाहीच आला तर उघडताना पूर्ण व्हिडिओ घ्या, जुने भाग गोणीत भरून स्वतःकडे ठेवा, आणि मेकॅनिककडून सहीशिक्क्याचा लेखी अहवाल घ्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवता येते. तिथे जमलं नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, डीलर कुठलाही असो. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि गाडीची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही.

विम्यावर भिस्त ठेवू नका. साध्या मोटर पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज वगळलेली असते. इंजिन-गिअरबॉक्सचं जे जादा कव्हर मिळतं ते पाणी शिरणं किंवा खालून मार बसून तेल गळणं अशा घटनांसाठी असतं. तुमच्या चेंबरवर ताज्या माराची खूण निघाली आणि ते कव्हर असेल तर मात्र दुरुस्तीला हात लावायच्या आधी कंपनीला कळवा. मार बसल्यावर तेल गळताना गाडी पुढे चालवली असेल तर तो भाग ते नाकारू शकतात.

ओव्हरहॉल करावंच लागलं तर काम देताना चार गोष्टी एस्टिमेटवर लिहून घ्या. कूलर आणि पाइप साफ करणार की बदलणार, कारण जुना भुगा तिथे राहिला तर नवीन चकत्यांत परत जातो. टॉर्क कन्व्हर्टरचं काय करणार. काम झाल्यावर कंट्रोल युनिटची जुनी शिकवण पुसून नवीन ॲडॅप्टेशन करणार का, कारण ते न केल्यास युनिट जुन्या झिजलेल्या चकत्यांच्या हिशेबाने दाब देत राहतं आणि गाडी झटके मारते. आणि वॉरंटी किती महिन्यांची, त्यात मजुरी धरली आहे की नुसते भाग. गाडी परत आल्यावर हजार किलोमीटरच्या आत एकदा तेलाची पातळी, गळती आणि कोड तपासून घ्या. नव्या चकत्या बसेपर्यंत घाटात सामान आणि माणसं भरून नेऊ नका.

उद्या सकाळी मात्र आधी फ्लॅटबेडला फोन करा. गाडी लिफ्टवर गेली आणि तेलाची पातळी व रंग कळला की फोटो पाठवा, पुढचं त्यावरून सांगतो.